आरएक्स ६६०० आठ महिने वापरल्यावर: कार्ड चांगलं, पंख्याचं सेटिंग चुकीचं

ब्राउझरमध्ये चार टॅब उघडे आहेत, बाकी काही चालू नाही. कॅबिनेटमधून खर्रर्र असा दीड-दोन सेकंद आवाज येतो आणि थांबतो. चार मिनिटांनी पुन्हा तेच. गेम लावला की आवाज गायब! एएमडीच्या रॅडिऑन आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाच्या दोन पंख्यांच्या साध्या मॉडेलबद्दल आठ महिन्यांनी लिहिताना सर्वात जास्त जागा या आवाजालाच द्यावी लागते. फ्रेमरेटचे (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचे) तक्ते सगळीकडे मिळतात. हा आवाज कुठून येतो आणि कसा बंद करायचा, हे मात्र कुणी धड सांगत नाही.

आधी गेमिंगचं उरकून घेऊ. १०८०पी (१९२० × १०८० च्या पडद्या)साठी हे कार्ड आजही पुरतं. स्पर्धात्मक ऑनलाइन गेममध्ये कार्डाच्या आधी प्रोसेसरच दमतो. मोठ्या सिंगल-प्लेअर गेममध्ये सावल्या आणि व्हॉल्युमेट्रिक धुकं एकेक पायरी खाली आणलं की बाकी सगळं हायवर ठेवता येतं. एफएसआरच्या, म्हणजे लहान चित्र तयार करून ते मोठं करून दाखवणाऱ्या एएमडीच्या सोयीच्या, भरवशावर मात्र राहू नका. १०८०पी वर ‘क्वालिटी’ निवडलं तरी चित्र आतून १२८० × ७२० चंच तयार होतं, आणि विजेच्या तारा, जाळ्या, केस लुकलुकायला लागतात. त्यापेक्षा सावल्या कमी केलेल्या परवडतात. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंदच ठेवायचं. ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या गेममध्ये ते बंद करायची सोयच नाही. त्या गेमला किमान काय लागतं त्या यादीत हेच कार्ड आहे, म्हणजे उंबरठ्यावर उभं आहे असं समजा.

८ जीबी मेमरी भरली की सरासरी फ्रेमरेट फारसा पडत नाही, पण मान वळवताना झटके बसतात आणि भिंतींवरचं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) काही क्षण धूसर राहतं. कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, आठच लेनवर चालतं. मदरबोर्ड ३.० पिढीचा असेल तर मेमरीतून सांडलेला डेटा सेकंदाला जेमतेम ८ जीबीच्या वाटेने ये-जा करतो, म्हणून जुन्या बोर्डावर हे झटके जास्त जाणवतात. उपाय एकच: टेक्स्चर एक पायरी खाली. इतर सेटिंगं कमी करून मेमरी तेवढी मोकळी होत नाही.

आता पंखा. सुरुवातीचे दोन-अडीच महिने माझं ठाम मत होतं की पंख्याचं बेअरिंगच निकृष्ट आहे आणि कार्ड बदलून घ्यावं. ते मत अर्धंच बरोबर निघालं. बेअरिंग साधं आहे हे खरं, पण त्याला दिवसातून शंभरदा चालू-बंद व्हायला लावणारं कारण वेगळंच आहे.

या कार्डावर ‘झिरो आरपीएम’ मुळातच चालू येतं. चिप थंड असेपर्यंत पंखे पूर्ण थांबलेले असतात. तापमान साधारण ५५-६० अंशांवर गेलं की ते सुरू होतात आणि दहाएक अंश खाली आलं की पुन्हा थांबतात. साध्या स्लीव्ह बेअरिंगला (तेल असलेल्या नळीत दांडा फिरतो तो प्रकार) सर्वात जड जातो तो स्थिर अवस्थेतून फिरायला लागण्याचा क्षण. फिरत असताना तेलाचा थर दांड्याला उचलून धरतो. थांबल्यावर तो थर बसतो आणि सुरुवातीचे काही फेरे घासत जातात. त्यातच नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे जमिनीकडे तोंड करून लटकत असतात. तो दीड सेकंदाचा खर्रर्र म्हणजे हेच.

मग प्रश्न असा की कार्ड रिकामं बसलेलं असताना ५५ अंशांवर जातंच का? ॲड्रेनालिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉकचा (वेगाचा) आकडा बघितला आणि उलगडा झाला. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा, दुसरा ६० चा, आणि मेमरी कायम १७५० मेगाहर्ट्झवर अडकलेली. मेमरीचा वेग बदलताना पडद्यावर चमक उमटू नये म्हणून कार्ड तो बदल दोन फ्रेममधल्या रिकाम्या वेळेत करतं. दोन मॉनिटरच्या वेळा जुळत नसतील तर तशी फटच सापडत नाही, आणि मेमरी पूर्ण वेगावरच राहते. एका मॉनिटरवर चार-पाच वॅट दाखवणारं रिकामं कार्ड मग पंधरा-वीस वॅट खातं. थांबलेल्या पंख्यांखाली एवढी उष्णता तापमान हळूहळू वर चढवायला पुरते. पंखे सुरू होतात, मिनिटभरात चिप थंड करतात, थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून.

उपाय या क्रमाने करून बघा. डेस्कटॉपवर १४४ चा मॉनिटर १२० वर आणा आणि मेमरी क्लॉक खाली येतो का पाहा. पुष्कळ जोड्यांमध्ये एवढ्यानेच काम होतं. नाही झालं आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल, तर दुसऱ्या मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. दोन्ही जमत नसेल तर सीआरयू (मॉनिटरची रिझोल्यूशन-सेटिंगं बदलायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरून व्हर्टिकल ब्लँकिंग, म्हणजे दोन फ्रेममधला तोच रिकामा वेळ, वाढवता येतं, पण त्यात पडदा काळा होण्याची शक्यता असते. तेव्हा सीआरयूसोबत येणारी रीसेटची फाइल आधी हाताशी ठेवा.

त्यानंतर झिरो आरपीएम बंद करायचं. ॲड्रेनालिन उघडून परफॉर्मन्स, ट्यूनिंग, कस्टम, फॅन ट्यूनिंग आणि मग ॲडव्हान्स्ड कंट्रोल. तिथे झिरो आरपीएमचं बटण बंद करा. खालच्या आलेखात पाच बिंदू असतात. दुसरा बिंदू ६० अंशांवर आणा आणि पहिले दोन एकाच उंचीवर ठेवा, कार्ड ज्याच्या खाली जाऊ देत नाही त्या किमान वेगावर, म्हणजे ६० अंशांपर्यंत रेघ सपाट राहते. ही सपाट रेघ महत्त्वाची आहे. रेघ सुरुवातीपासून चढती ठेवली तर ब्राउझरचं एक पान उघडलं तरी वेग वर-खाली होतो, आणि कानाला एकसुरी आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त टोचतो. किमान वेगावरचे पंखे बंद कॅबिनेटमध्ये ऐकूही येत नाहीत.

त्याच पानावर व्होल्टेजही कमी करून घ्या. मूळ ११५० मिलिव्होल्टवरून २५-२५ ने उतरा. प्रत्येक पायरीवर जड गेम अर्धा तास तरी चालवा. बेंचमार्क पास होऊनही गेममध्ये ड्रायव्हर टाइमआउट (कार्ड प्रतिसाद देईनासं होऊन गेम बंद पडणं) येऊ शकतो. तसा आला की एक पायरी वर येऊन थांबा. एक खुलासा: तिथे दिसणारे वॅट फक्त चिपचे असतात. पूर्ण कार्डाचा आकडा १३२ वॅट आहे, त्यामुळे एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) हिशोब करताना पडद्यावरचे १०० धरू नका.

इथे एक गोष्ट खरोखर चीड आणते. वीज गेली किंवा संगणक अचानक बंद पडला की ॲड्रेनालिन ट्यूनिंग पुसून मूळ सेटिंग परत आणतं, आणि त्याबरोबर झिरो आरपीएमही परत येतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कधीकधी नुसतं रोजच्यासारखं बंद-चालू केलं तरी हेच होतं. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि ट्यूनिंगच्या पानावरून प्रोफाइल फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, म्हणजे नंतर दोन क्लिकमध्ये परत येतं. एमएसआय आफ्टरबर्नर या दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही पंखा चालवता येतो. त्यात हिस्टेरेसिस देता येतं, म्हणजे तापमान ठरावीक अंश खाली येईपर्यंत वेग कमी होत नाही, ही जास्तीची सोय. पण दोन्हीकडून एकाच वेळी पंख्याला हुकूम देऊ नका. वेग भलतीकडेच अडकतो.

एवढं करूनही आवाज राहिला तर बेअरिंग गेलंय का हे तपासायचं. मेन्यूमध्ये फ्रेमरेट हजारात गेल्यावर येणारी बारीक किंचाळी कार्डावरच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) असते आणि फ्रेमवर मर्यादा घातली की ती थांबते. पंख्याचा आवाज फिरण्याच्या वेगाबरोबर बदलतो. कॅबिनेट आडवं झोपवा, म्हणजे कार्ड उभं होतं आणि बेअरिंगवरचा भार बदलतो. आवाजही बदलला तर दोष बेअरिंगचाच धरा. मग सगळं बंद करून, प्लग काढून, पात्याला हलकेच वर-खाली ढकलून पाहा. किंचित खेळ असणं ठीक. टक-टक जाणवलं, किंवा दोन पंख्यांत स्पष्ट फरक लागला, तर तोच दोषी. धूळ उडवताना पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने भन्नाट फिरवलेल्या पंख्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

वॉरंटीत देताना एक अडचण हमखास येते. सर्व्हिस सेंटरमध्ये कार्ड उघड्या बेंचवर फुल लोडला चालवतात. त्या वेगावर पंखा गुपचूप फिरतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून कार्ड परत येतं. दोष फक्त सुरू होतानाच दिसतो, हे तक्रारीत लेखी द्या. सोबत पंख्याचा आरपीएम पडद्यावर दिसेल आणि आवाज स्पष्ट ऐकू येईल असा, थंड कार्डावर पंखा सुरू होतानाचा व्हिडिओ जोडा. ‘पंखा आवाज करतो’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीला काही किंमत राहत नाही.

वॉरंटी संपली असेल तर पंखा स्वतः बदलता येतो. हबच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो मिळाला नाही तर पात्यांचा व्यास, तीन स्क्रूंमधलं अंतर, स्टिकरवरचे अँपिअर आणि कनेक्टरच्या पिना, हे चारही जुळवा. हा कनेक्टर कॅबिनेटच्या पंख्यापेक्षा बराच लहान असतो, तो पंखा तिथे बसत नाही. काही मॉडेलमध्ये हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) न काढता वरचं प्लास्टिक सुटतं. तसं असेल तर चिपभोवतीच्या चार स्प्रिंगच्या स्क्रूंना हातच लावू नका. ते उघडावेच लागले तर चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावा आणि मेमरीवरच्या पॅडची जाडी मोजूनच नवे घ्या. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही. असं झालंय का हे पहिल्याच गेममध्ये कळतं. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वात गरम जागा) यांत १५-२० अंशांचा फरक चालतो. ३० च्या पुढे गेला तर कार्ड पुन्हा उघडा.