गुडघ्याचा चुंबकीय पट्टा : सहाएक महिने वापरल्यानंतर

"त्या पट्ट्याने फरक पडतो का हो?" असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना मी सांगते की पट्ट्याने पडतो, चुंबकाने पडतो असं काही दिसलं नाही. बहुतेकांना हे शब्दांचे खेळ वाटतात. पट्ट्यातच चुंबक आहेत, मग वेगळं काय? वेगळं आहे, पण ते वेगळं काढायला बरीच खटपट करावी लागली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दुखणं कोणतं ते सांगायला हवं, कारण प्रत्येकाचं "गुडघा दुखतो" निराळं असतं. माझा उजवा गुडघा. झिजेचा संधिवात. एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसते. जिना चढताना चालतं, उतरताना कळ येते. सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडलेला, चार पावलं टाकली की सुटतो. महत्त्वाचं म्हणजे हे दुखणं रोज सारखं नसतं. एखादा आठवडा असा जातो की गुडघा आहे याची आठवणही होत नाही, आणि एखाद्या आठवड्यात बसल्या जागेवरून उठवत नाही. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

पट्टा म्हणजे निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाची, जाडसर नळी, वर-खाली वेल्क्रो, आणि आतून शिवलेल्या छोट्या कप्प्यांमध्ये नाण्यासारख्या चपट्या चकत्या. खोक्यावर "३००० गॉस" असं ठळक छापलेलं (गॉस हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक). शिवाय नेहमीचं सगळं: रक्ताभिसरण वाढते, रक्तातील लोह सक्रिय होते, सूज उतरते. बरोबरच्या पत्रकात उत्तर ध्रुव शांत करतो आणि दक्षिण ध्रुव उत्तेजित करतो असंही होतं, पण पट्ट्यातल्या चकत्या एकीआड एक उलट्या बसवलेल्या. म्हणजे माझा गुडघा एकाच वेळी शांतही होत होता आणि उत्तेजितही.

पहिले काही आठवडे मी खूश होते, यात खोटं काही नाही. पट्टा बांधला की गुडघा ऊबदार राहतो, वाटीभोवती घट्ट आधार मिळतो, आणि उतरताना पाऊल टाकायची भीती कमी होते. भीती कमी झाली की माणूस लंगडत नाही, लंगडणं थांबलं की कंबरही दुखायची थांबते. मी चार लोकांना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मग मुलीने विचारलं, "आई, हे चुंबकामुळे की घट्ट बांधल्यामुळे?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिने पहिल्यांदा एक साधी गोष्ट करून दाखवली. पट्ट्याच्या चकतीला टाचणी लावली, ती घट्ट चिकटली. मग चकती आणि टाचणी यांच्यामध्ये कागद घालत गेली. बोटभर जाडीची वही मध्ये आली की टाचणी सरळ खाली. खोक्यावरचे ३००० गॉस चुंबकाच्या पृष्ठभागावरचे असतात (खरे असले तर). छोट्या चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर भलताच झपाट्याने उतरतो. थोडं दूर गेल्यावर अंतर दुप्पट झालं की तो साधारण एक अष्टमांश उरतो. शेजारच्या चकत्या उलट्या ध्रुवांच्या असतील तर त्या एकमेकींना खोडतात आणि तो आणखी लवकर संपतो. फ्रिजवर चिकटवायच्या लवचिक पट्ट्या अशाच बनवलेल्या असतात, म्हणून त्या दोन कागदांनंतर धरतच नाहीत. आता माझ्या गुडघ्यात कातडी, चरबी, आवरण ओलांडून सांध्याच्या आतल्या बाजूपर्यंत जायचं म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर तरी होतात. वर निओप्रीन आहेच. नितंबाच्या सांध्यासाठी किंवा कंबरेच्या मणक्यासाठी जे पट्टे विकतात, तिथे तर सांधा याहून कितीतरी खोल असतो.

रक्तातल्या लोहाचं म्हणणं ऐकायला पटतं, कारण लोखंड चुंबकाकडे जातं हे आपण शाळेपासून पाहिलेलं असतं. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरयेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं, आणि प्राणवायू सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम इतके क्षीण की वाहत्या रक्तावर पट्ट्यातल्या चकतीने काही होण्याची शक्यता नाही. त्याहून सोपा पुरावा म्हणजे एमआरआय. साध्या एमआरआय यंत्राची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे १५,००० गॉस, आणि तीही पृष्ठभागापुरती नाही, आतून-बाहेरून सगळीकडे. दुखऱ्या गुडघ्याचे लोक त्यात अर्धा तास पडून राहतात आणि तोच दुखरा गुडघा घेऊन बाहेर येतात. चुंबकाने गुडघे बरे होत असते तर एमआरआयच्या दारात अहवालासाठी नव्हे, उपचारासाठी रांग लागली असती.

तरीही मला बरं वाटत होतं, हे उरतंच. म्हणून आम्ही खरी परीक्षा घ्यायची ठरवली. तसलाच दुसरा पट्टा आणला. मुलीने त्याची शिवण उसवून चकत्या काढल्या आणि त्याच आकाराच्या पितळी चकत्या घालून पुन्हा शिवून टाकला. वजन जवळजवळ तेवढंच. कोणता खरा आणि कोणता खोटा हे फक्त तिला ठाऊक. आठवडाभर एक, मग आठवडाभर दुसरा, क्रम तिच्या मनाचा. रोज रात्री मी शून्य ते दहामध्ये दुखण्याला गुण द्यायचे, आणि आज कोणता पट्टा होता याचा अंदाज लिहून ठेवायचा.

आणि इथेच खरी अडचण कळली. गोळीचं सोपं असतं, खडूची गोळी आणि औषधाची गोळी दिसायला सारखी करता येते. चुंबक स्वतःहून चुगली करतो. मी खुर्चीत बसले तर पट्टा तिच्या लोखंडी पायाकडे ओढला जायचा. मांडीवरून सुई पडली तर ती पट्ट्याला लटकायची. फोन जवळ ठेवला तर त्यातलं होकायंत्र भलतीकडे दाखवायचं. मी मुद्दाम तपासायचं नाही असं ठरलं होतं आणि मी तपासलंही नाही, पण काही दिवस कळून यायचंच. शेवटी पट्टा फक्त संध्याकाळी, लाकडी दिवाणावर बसून बांधायचा असा नियम केला.

हे वाचून हसू आलं असेल, पण मोठमोठ्या अभ्यासांचंही हेच झालं आहे. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. गुडघ्याच्या आणि नितंबाच्या संधिवाताच्या १९४ लोकांना १२ आठवडे मनगटात कडं घालायला दिलं होतं. (गुडघ्यासाठी मनगटात! आमच्या नात्यातल्या एक आत्या तसंच घालतात, आणि विचारलं तर रक्त सगळीकडे फिरतं म्हणतात.) काहींचं कडं जोरदार चुंबकाचं, काहींचं कमजोर, काहींचं नुसतंच. जोरदार चुंबकवाल्यांना खोट्या कड्यापेक्षा जास्त आराम पडला. पण आपलं कडं कसलं आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत असल्याने तो आराम चुंबकाचा की समजुतीचा, हे संशोधकांनाच खात्रीने सांगता आलं नाही. चुंबक विकणारे या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग छापतात.

त्यांचा आणखी आवडता अभ्यास १९९७ चा, अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधला. पोलिओ होऊन गेल्यावर राहिलेल्या दुखण्याचे ५० रुग्ण, दुखऱ्या जागी ४५ मिनिटं चुंबक. खऱ्या चुंबकाच्या गटात ७६ टक्के लोकांना आराम पडला, खोट्याच्या गटात १९ टक्के. आकडे जबरदस्त आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण हा लहानसा, एकदाच लावून बघितलेला प्रयोग, आणि दुखणंही वेगळं. पुढे जास्त दिवसांचे अभ्यास झाले तेव्हा हा चमत्कार पुन्हा दिसला नाही. २००३ मध्ये टाचदुखीच्या १०१ लोकांना ८ आठवडे चपलेत घालायचे चुंबकी तळवे दिले. खऱ्या आणि खोट्या दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. २००७ मध्ये कॅनडातल्या वैद्यकीय नियतकालिकात अशा बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलेला आढावा आला. एकूण दुखण्यावर फायदा नाही, संधिवातापुरतं मात्र ठाम "नाही" म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. २०१३ मध्ये आमवाताच्या (हा झिजेपेक्षा वेगळा, सांधे सुजवणारा संधिवात) ७० लोकांवर तांब्याची कडी आणि चुंबकी पट्टे तपासले, त्यातही खोट्यापेक्षा वेगळं काही निघालं नाही.

माझ्या वहीतही तेच निघालं. खऱ्या पट्ट्याच्या आणि पितळी पट्ट्याच्या आठवड्यांत सरासरी दुखणं जवळजवळ सारखं. पण वही दुसऱ्या पद्धतीने वाचली तेव्हा मजा आली. ज्या दिवशी माझा अंदाज "आज खरा आहे" असा होता, त्या दिवशी गुण कमी, मग प्रत्यक्षात पट्टा कोणताही असो. गुडघा बरा वाटला म्हणून मी "खरा" लिहीत होते की खरा वाटला म्हणून गुडघा बरा होता, ते त्या वहीवरून सांगता येणार नाही. एका गुडघ्याची वही म्हणजे शास्त्र नव्हे, तेवढं मलाही कळतं.

खऱ्यासारखी खोटी वस्तू वापरून पडताळण्याची ही युक्ती नवी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी एलिशा पर्किन्स नावाच्या अमेरिकन वैद्याने दुखऱ्या जागेवरून ओढायच्या धातूच्या दोन काड्या काढल्या, १७९६ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं, आणि त्या धडाधड खपल्या. १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन हेगार्थ या डॉक्टरने लाकडाच्या काड्या धातूसारख्या रंगवून पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. मुलीने पितळी चकत्या शिवल्या तेव्हा तिला हेगार्थ माहीत नव्हता.

चुंबक आणि वैद्यक यांचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. न जुळणाऱ्या हाडांसाठी स्पंदन पावणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ मध्येच परवानगी दिली आहे. नैराश्यासाठी डोक्याजवळ चुंबकीय स्पंदनं देणाऱ्या यंत्राला २००८ मध्ये मिळाली. पण ती सतत बदलणारी क्षेत्रं असतात, त्यामुळे शरीराच्या ऊतींमध्ये बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो. पट्ट्यातली चकती गप्प पडून असते, तिच्यात बदलणारं काही नाही. पत्रकांमध्ये या दोन गोष्टींची बेमालूम भेसळ केलेली असते. एखादा विक्रेता "रुग्णालयातसुद्धा वापरतात" म्हणाला तर कोणत्या प्रकारचं, एवढंच विचारावं.

पट्ट्याचे त्रास किरकोळ. गुडघ्याच्या मागे घडी पडते आणि तिथे घाम साचून पुरळ येतं. चकत्यांवर निकेलचा मुलामा असतो, ज्यांना नकली दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी जपावं. निओडिमियम या धातूपासून बनवलेले चुंबक ठिसूळ असतात. माझी एक चकती फरशीवर आपटून एका बाजूला फुटली आणि तिची कड पातीसारखी झाली.

पण तीन बाबतीत किरकोळ म्हणून चालणार नाही. छातीत पेसमेकर किंवा धक्का देणारं यंत्र असेल तर असले पट्टे, गाद्या, उशा घ्यायच्याच नाहीत. चुंबक जवळ आला की त्या यंत्राचं काम बदलू शकतं, आणि निदान १५ सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. इन्सुलिनचा पंप किंवा ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर यंत्र असेल तरी आधी डॉक्टरांना विचारावं. दुसरं, घरात लहान मूल असेल तर फुटलेली किंवा शिवणीतून निसटलेली चकती लगेच शोधून टाकावी. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वळणांना मध्ये चिमटीत धरतात आणि आतड्याला भोक पडतं, शस्त्रक्रियेची वेळ येते. तिसरं, गुडघा लाल होऊन तापला, अचानक सुजला, किंवा त्याबरोबर ताप आला, तर पट्टा बांधून वाट बघू नये.

मला खरा फरक कशाने पडला? फिजिओथेरपीच्या कंटाळवाण्या व्यायामाने. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरायचा, सोडायचा. महिना-दोन महिने काहीच वाटलं नाही आणि मग एक दिवस जिना उतरून खाली आल्यावर लक्षात आलं की आपण कठडा धरला नव्हता. झिजेच्या संधिवातात व्यायाम आणि वजन या दोन गोष्टींना सगळीकडचे डॉक्टर पहिला मान देतात. पट्ट्याने एवढंच केलं की पहिले दिवस मला हलायची हिंमत दिली, आणि हे काम चुंबक नसलेला साधा गुडघेपट्टाही करतो. तो स्वस्तही पडतो.

वापरून बघायचाच असेल तर बघा, फक्त त्यासाठी गोळी, व्यायाम किंवा तपासणी बंद करू नका. सुरुवात कधी करता ते मात्र सांभाळा. आपण उपाय शोधायला निघतो ते दुखणं सगळ्यात वाईट असतं तेव्हा, आणि सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुधा काही न करताही बरा जातो. म्हणून आधी पंधरा दिवस काहीही न बांधता रोजचे गुण लिहून ठेवा, मग पट्टा बांधा, आणि शक्य असेल तर कोणाकडून तरी पितळी चकत्यांचा जोडीदार करून घ्या.

माझ्याकडचे खरे चुंबक काढून टाकले. पितळी चकत्याही काढल्या. नुसती निओप्रीनची नळी जिना जास्त असेल त्या दिवशी घालते. आता तिला फोन, घड्याळ, सुया यांच्यापासून लांब ठेवावं लागत नाही, आणि ती बाकीच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकता येते.