द्राक्षाचं रेसिड्यू: जवळची लॅब की पुण्याची?

हे लिहितोय ते द्राक्षात फवारलेल्या औषधांचा अंश (रेसिड्यू) उरलाय का, याच्या काढणीआधी आपल्या खिशातून करायच्या तपासणीबद्दल. ग्रेपनेटचा, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी नोंदणीतला अधिकृत नमुना वेगळा. तो लॅबचा माणूस प्लॉटवर येऊन घेतो, आपण तोडून नेलेले घड तिथं चालत नाहीत.

दोन हंगाम मी जवळच्या लॅबला दिले, नंतरचे तीन पुण्याला. दोन्ही एनएबीएलवाल्या, म्हणजे मान्यताप्राप्त, मशिनंही तीच, त्यामुळे त्यात शिरत नाही. सोयीचं म्हणाल तर जवळचीच. सकाळी घड तोडायचे, गाडीला पिशवी अडकवायची, दुपारी जेवायला घरी. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट, पैसेही कमी. पुण्याला एक दिवस मोडतो आणि रिपोर्टला पाच दिवस लागतात. काढणी तोंडावर असताना ते पाच दिवस फार लांब वाटतात.

तरी बदललो, ते एका रिपोर्टमुळे. चार पानं, प्रत्येक ओळीला ‘बीएलक्यू’, म्हणजे किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्याही खाली. घरात सगळे खूष. आठवड्याने एक्सपोर्टरच्या तपासणीत सीसीसी, म्हणजे वेलीचा शेंडा थांबवायचं औषध, निघालं. तणतणत लॅबमध्ये गेलो, तर काउंटरवरचा पोरगा शांतपणे म्हणाला, “दादा, ते मल्टी-रेसिड्यूत येत नाही. वेगळं सांगायचं होतं.” मल्टी-रेसिड्यू म्हणजे एकाच तपासणीत बरीच औषधं बघायची नेहमीची टेस्ट. खोटं नव्हतं ते. सीसीसी पाण्याला इतकं धरून असतं की नेहमीच्या पद्धतीत रसातून निघून मशिनपर्यंत पोचतच नाही. एम-४५ या बुरशीनाशकाचंही तसंच. ते आम्लात तापवून कार्बन डायसल्फाइडच्या रूपात मोजतात, ती टेस्टच निराळी. पण २०१० साली याच सीसीसीपायी आपली द्राक्षं युरोपात अडकली. ज्या जिल्ह्यानं ते भोगलं, तिथल्या लॅबनं निदान एकदा विचारायला नको?

पुण्यात नमुना टेबलावर ठेवायच्या आधी मॅडमनी फवारणीची वही मागितली. पहिला प्रश्न, “खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला काय मारलं होतं?” त्या छाटणीनंतरचं, एप्रिल-मे मधलं औषध वेलीत राहतं आणि फेब्रुवारीत घडात सापडतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वही बघून दोन टेस्ट वाढवल्या, आणि मी मागितलेली एक काढूनही टाकली. पैसे सोडणारी लॅब मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

आता हा एका माणसाचा अनुभव. जवळचेही एव्हाना विचारायला लागले असतील. माल लोकलला जाणार असेल, किंवा कुठली टेस्ट मागायची हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, तर एवढा प्रवास कशाला करायचा? मला मात्र फेब्रुवारीत एप्रिलची फवारणी आठवत नाही. यंदाही पुण्यालाच चाललोय. वही आधीच पिशवीत टाकलीय.