तीन मातीच्या खतकुंड्या आणि गल्लीतला पाचोळा : दोन वर्षांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला आम्ही भाजलेल्या मातीची तीन मजली खतकुंडी विकत घेतली. एकावर एक बसणारी तीन भांडी, वर झाकण आणि सोबत कचरा लवकर कुजावा म्हणून वरून टाकायची पाच किलो भुकटी, असा तो संच आहे. आमचे घर पुण्यात कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, माणसे चार आहेत आणि बाल्कनी जेमतेम चार फूट रुंदीची आहे. एवढ्या जागेत घरातला सगळा ओला कचरा वर्षभर जिरवता येतो का, एवढ्याच प्रश्नाने ही खरेदी केली होती. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे पाहिल्यानंतर त्याचे उत्तर होकारार्थी देता येते. मात्र विक्रेत्याने पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने ते साधले नाही, आणि ज्या गोष्टीने साधले तिचा त्या पुस्तिकेत उल्लेखही नाही.

मातीची निवड योग्य आहे, हे आधी सांगायला हवे. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने या भांड्यांतला ओलावा भिंतीतून हळूहळू बाहेर पडतो आणि आत हवा खेळती राहते. शेजारच्या इमारतीतील एका परिचितांनी घेतलेल्या प्लास्टिकच्या डब्यात खाली काळे पाणी साचते आणि त्यासाठी तोटी लावावी लागते. आमच्याकडे दोन वर्षांत असे पाणी केवळ दोनदा साचले, आणि दोन्ही वेळा चूक आमचीच होती. वापरण्याची रीत सोपी आहे. रोजचा कचरा वरच्या भांड्यात टाकायचा, ते भरले की मधल्या भांड्याशी त्याची अदलाबदल करायची, आणि पुढची खेप भरेपर्यंत अर्धवट कुजलेला माल तळाच्या भांड्यात उतरवून तिथे मुरू द्यायचा. टाकल्यापासून चाळण्याजोगे खत होईपर्यंत आमच्याकडे साधारण दोन महिने लागतात, पावसाळ्यात थोडे अधिक.

पहिल्या महिन्यात मी रोजचा कचरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहून ठेवला. सरासरी साडेआठशे ग्रॅम भरला. भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा आणि देवाची फुले एवढेच त्यात असते, तरी हिशेब केला तर दोन वर्षांत एका घरातला सहाशे किलोंहून अधिक कचरा बाहेर जायचा वाचला. सणांचे दिवस वेगळे असतात. गौरी जेवायच्या दिवशी सोळा भाज्यांची सोलणे, केळीची पाने आणि निर्माल्य मिळून काटा अडीच किलोंच्या पुढे गेला होता.

याच पहिल्या महिन्यात हा प्रयोग बंद पडण्याच्या बेतात होता. कलिंगडाचे दिवस सुरू झाले होते, साली भांड्यात जात होत्या, आणि पुस्तिकेप्रमाणे वरून मूठभर भुकटी पडत होती. पंधराव्या दिवशी आंबूस वास सुटला आणि झाकण उघडताच पांढरट अळ्यांचा थर दिसला. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा आणखी भुकटी घ्या एवढाच सल्ला मिळाला. कारण मला पुढे वाचनातून कळले. कुजवणाऱ्या जीवाणूंना एका भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण पंचवीस ते तीस भाग कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, कर्ब मात्र त्या मानाने कमी असतो. हवा कोंडली आणि ओल वाढली की हवेशिवाय जगणारे जीवाणू बळावतात आणि दुर्गंधी सुटते. हा कर्ब सर्वांत स्वस्तात मिळतो तो वाळलेल्या पानांतून. अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या होत्या. ती माशी घरातल्या अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा उलट लवकर संपवतात, हे कळल्यावर घरातल्यांची किळस बरीच कमी झाली.

तेव्हापासून एक भांडे कचऱ्याला दोन भांडी चुरलेला पाला, असे आमचे प्रमाण आहे. मूठभर मिश्रण दाबून पाहायचे. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे, धार लागली तर पाला वाढवायचा. भुकटीऐवजी आधीच्या खेपेतले दोन मुठी खत विरजणासारखे घालतो आणि पंधरा दिवसांतून एकदा आंबट ताक शिंपडतो. म्हणजे दरमहा विकत घ्यावी लागणारी भुकटी, जी या संचाच्या खर्चाचा मोठा भाग ठरली असती, तिची गरजच उरली नाही. पानांतही फरक असतो. गुलमोहर आणि वर्षावृक्षाची (रेन ट्री) बारीक पर्णिका न चुरता विरघळते. आंबा, फणस आणि रबराची चिवट पाने मात्र हाताने चुरगाळूनही महिनोन्महिने तशीच राहतात, म्हणून ती आम्ही वेगळी ठेवतो.

हा पाला आला कुठून, याचे उत्तर मला या खरेदीतून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आमच्या गल्लीत वर्षावृक्षांची रांग आहे आणि जानेवारी ते मार्च या काळात तिथे रोज पोतीभर पाने पडतात. आम्ही राहायला आलो तेव्हापासून दर हिवाळ्यात पहाटे त्या पानांचे ढीग कोपऱ्यावर पेटलेले पाहिले आहेत. थंडीच्या सकाळी जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे तो धूर आठ-नऊ वाजेपर्यंत खिडक्यांच्या उंचीवरच रेंगाळतो, आणि त्यातले सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले श्वासात घेतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि त्यासाठी पाच हजार रुपयांपासून दंड ठरवला. पण पाला नेणारे कोणी नसेल, तर झाडणारा माणूस तो करणार काय? दंडाची भीती दाखवण्यापेक्षा त्याच्या हातातले पोते आम्ही घ्यायला लागलो, आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या कोपऱ्यावर एकदाही ढीग पेटलेला मला दिसला नाही. पुण्यात ब्राउन लीफ नावाचा नागरिकांचा गट पाला देणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून देतो. ज्यांच्या दारात झाड नाही, त्यांना तिथून पाने मिळवता येतील.

कचऱ्याचे दुसरे टोक पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांत आहे. शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे तिथे ओतला गेला, विहिरींचे पाणी बिघडले, आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला त्याची दखल घ्यावी लागली. अशा ढिगाऱ्यात दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. घरात फक्त सुका कचरा उरला, तर तो नेणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंचे कामही सुकर होते. कचरावेचकांच्या मालकीची ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करते. आमच्याकडे येणाऱ्या ताई आता आमची पिशवी वासाशिवाय उघडतात आणि कागद, बाटल्या तिथल्या तिथे वेगळ्या करतात.

संचात उणिवा आहेत. झाकण पातळ भाजलेले असल्याने आठव्या महिन्यात तडकले, आणि विक्रेत्याने ते स्वतंत्र विकायला नकार दिल्यामुळे आम्ही कुंभाराकडून नवे करून घेतले. तळाची सुतळीची जाळी वर्षभरात कुजते. तिथे नायलॉनची दोरी हवी. भरलेले भांडे एकट्याने उचलणे कठीण असते, म्हणून कंबरदुखी असणाऱ्यांनी ते मदतीशिवाय घेऊ नये. रोज मांसाहार होणाऱ्या घराला हा आकार पुरणार नाही, कारण हाडे यात जिरत नाहीत, आणि आंब्याच्या कोयीही वेगळ्याच काढाव्या लागतात. बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर वर पत्रा लावल्याशिवाय हा संच ठेवू नये.

या मर्यादांसह चार-पाच माणसांच्या घरासाठी मी तो नक्की सुचवीन, मात्र भुकटीशिवाय नुसती भांडी मिळत असतील तर तीच घ्यावीत आणि खरेदीआधी पाल्याची दोन पोती भरून ठेवावीत. आमच्या इमारतीत चौदा घरे आहेत. त्यांपैकी पाच घरांत आता अशा कुंड्या आहेत आणि पाला जिन्याखाली एकत्र साठवतो. या फेब्रुवारीअखेर तिथे अकरा पोती जमली आहेत. पाच घरांना ती गौरी-गणपतीपर्यंत पुरतील, पण पावसाळ्यात पाला अधिक लागतो, म्हणून पानगळ संपण्याआधी आणखी चार पोती भरून ठेवायची आहेत.