जळगावात राहून स्पॅनिश शिकल्याचा दीड वर्षानंतरचा अनुभव (आणि बोसोत्रोसबद्दलची तक्रार)

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजने स्पॅनिशची डिप्लोमा बॅच मध्येच बंद केली. कारण सांगितलं, पटावर पुरेशी मुलं उरली नाहीत. उरलेल्या महिन्यांची फी परत मागायला गेले तर खिडकीतून उत्तर आलं, "भरलेली फी परत मिळत नाही, पावतीच्या मागे वाचा." मागे तसं छापलेलं आहे, मान्य. पण बॅच कॉलेजनेच बंद केली तर काय करायचं, हे पावतीवर कुठेच नाही. अडीच हजारांचा प्रश्न आहे. वडील पारोळा तालुक्यात कोरडवाहू कापूस करतात, आमच्या घरात अडीच हजार म्हणजे सहज सोडून द्यायची रक्कम नाही. दोन अर्ज दिलेत, तिसरा तयार आहे.

हे चालू असतानाच ज्युनिअर मुलींचे मेसेज येतात, "ताई, जर्मन घेऊ की स्पॅनिश? फायदा होतो का खरंच?" प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. कॉलेजवर राग आहे म्हणून भाषेवर राग काढणार नाही. भाषा घ्याच, हे आधीच सांगून टाकते.

स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक आहे वगैरे तुम्ही माहितीपत्रकात वाचलेलंच असेल. जर्मनचं आकर्षण मला समजतं. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून नर्सिंग आणि आयटीआयवाल्या मुलांसाठी तो सरळ रस्ता दिसतो. ज्याला तिकडे जायचंच आहे त्याने जर्मनच शिकावं. मी बी.कॉम.ची, मला घर सोडून लांब जायचं नव्हतं, म्हणून मी स्पॅनिश घेतली.

आमचा पहिला वर्ग सर्टिफिकेटचा, साधारण ए1 पातळीचा. (युरोपीय मोजमापात भाषेच्या ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या पातळ्या असतात, ए1 सर्वांत खालची.) शनिवार-रविवार पुण्याचे सर ऑनलाइन शिकवायचे, अधूनमधून स्वतः जळगावला यायचे. सर उत्तम होते. अडचण पुस्तकाची होती. पुस्तक स्पेनमध्ये तयार झालेलं, आणि त्यात पानापानावर बोसोत्रोस.

ज्यांनी अजून सुरू केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्पॅनिश क्रियापदाचा तक्ता सहा ओळींचा असतो: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. यातलं 'तुम्ही' म्हणजे ओळखीच्या दोनचार जणांना उद्देशून वापरायचं बोसोत्रोस. स्पेनमध्ये ते रोजच्या बोलण्यात आहे. पण मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत कोणीही ते बोलत नाही. तिथे मित्र असोत की साहेब, अनेकजण असले की सरसकट उस्तेदेस, आणि त्याचं रूप 'ते'च्या ओळीतलंच. म्हणजे लॅटिन अमेरिकेसाठी पाच ओळी पुरतात. एकट्या मेक्सिकोची लोकसंख्या स्पेनच्या अडीच पटींहून जास्त आहे. तरी आम्ही वर्तमानकाळ, दोन भूतकाळ, भविष्यकाळ, आज्ञार्थ, सगळीकडे ती जादाची ओळ घोकत बसलो. बसमध्ये घोकली, मेसच्या रांगेत घोकली. आब्लाइस, कोमेइस, बिबीस (तुम्ही बोलता, खाता, राहता). आणि सर्वांत संताप आणणारी गोष्ट म्हणजे परीक्षा. माझ्या मैत्रिणीने संवादलेखनात बोसोत्रोसच्या जागी उस्तेदेस वापरलं तर तिचे गुण कापले गेले. पेपर तपासणारे आमचे सर नव्हते, बाहेरचे होते. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या देले परीक्षेत स्पेनची पद्धत चालते तशी लॅटिन अमेरिकेचीही चालते, आपलं आपण एक धरून लिहायचं. स्पेनच्या सरकारच्या नावाने दिल्या जाणाऱ्या परीक्षेला जे चालतं ते जळगावच्या कॉलेज परीक्षेला चालू नये? मी यावरही अर्ज दिला होता. उत्तर नाही.

आता मराठी मुलांच्या फायद्याचं सांगते, कारण हे कोणत्याही क्लासवाल्याच्या जाहिरातीत मला दिसलं नाही. उच्चार आपल्याला जवळजवळ फुकट मिळतात. त, द, प, क हे आपल्यासारखेच, स्वर पाचच आणि स्वच्छ, लिहिलंय तसं वाचायचं, फक्त 'एच' मुका. इंग्रजी माध्यमाची मुलं 'त'चा 'ट' करत राहिली, जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या आम्ही पहिल्या महिन्यात पुढे गेलो. आवडीनिवडी सांगायच्या वाक्यांचा धडा तर मला कायम लक्षात राहील. स्पॅनिशमध्ये 'मला चहा आवडतो' अशीच रचना असते, क्रियापदाचं रूप चहाप्रमाणे ठरतं, माझ्याप्रमाणे नाही. गोष्टी अनेक असल्या की 'आवडतात' होतं, तसंच तिथेही होतं. पण पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं असल्याने त्यावर चार पानांचं स्पष्टीकरण, बाण, चौकटी. त्या चौकटींनी चांगल्या-चांगल्या मुली गोंधळल्या. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "सर, हे मराठीसारखंच आहे ना?" सर दोन सेकंद थांबले, हसले आणि म्हणाले, "पुस्तक मिटा." पुढे अर्ध्या तासात धडा संपला. 'गेले' आणि 'जायचे' यांतला फरक आपल्याला आतूनच कळतो, त्यामुळे त्यांचे दोन भूतकाळही फार जड गेले नाहीत. जड जातं ते 'असणे'. त्यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि कुठे कोणतं हे अंगवळणी पडायला महिने लागतात. त्याला मराठीची मदत नाही, वाचनच करावं लागतं. बीबीसी मुंदो आणि डॉइचे वेलेचं स्पॅनिश चॅनल फुकट आहे, रॉयल स्पॅनिश अकादमीचा शब्दकोशही ऑनलाइन फुकट आहे. महागडी अ‍ॅपं घेऊ नका.

नोकरीचं आता. ए1 झाल्यावर जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक चटईच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं अर्धवेळ काम मिळालं. त्यांचा माल लॅटिन अमेरिकेत जातो. मेक्सिकोत ग्राहकांना विकायच्या आयात मालावर लेबल स्पॅनिशमध्ये असावं लागतं, आणि तोपर्यंत ते लेबल भाषांतराच्या अ‍ॅपवर करून छापत होते. पहिल्याच आठवड्यात धुण्याच्या सूचनांमधल्या चुका काढून दिल्या. पण मालकांचा माझ्यावर विश्वास बसला तो चिलीच्या एका मेलमुळे. ग्राहकाने पहिला लॉट मागवला होता, त्यात वजनाच्या पुढे लिहिलं होतं 1.250 किलो. आमच्या अकाउंटंट काकांनी ते एका चटईचं वजन धरलं, सव्वा किलो. चटई तेवढ्या वजनाची असतेही, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. पण चिलीत टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात. त्याच मेलमध्ये खाली भाव 3,75 असा लिहिलेला होता, तिथे मला खात्री पटली. मागणी साडेबाराशे किलोची होती. मी आकडा अक्षरांत लिहून विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी होकार आला. गंमत म्हणजे मेक्सिकोवाले आपल्यासारखंच टिंब दशांशाला वापरतात. त्यामुळे आता प्रत्येक कोटेशनवर मी आधी देश बघते, मग आकडा.

अशा गोष्टी वर्गात कमी आणि कामावर जास्त शिकायला मिळतात. आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. टेनिसवाल्या नदालचं पूर्ण नाव राफेल नदाल पारेरा, पण त्याला कोणी पारेरा म्हणत नाही. आमच्या ऑफिसात मात्र सगळ्या फायली शेवटच्या आडनावाने लावलेल्या होत्या, त्या बदलायला लागल्या. मेक्सिको सिटीत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणून फोनचं काम घरून करायची परवानगी मागून घेतली. आईला आधी हे पटलं नव्हतं. एकदा तिने शेजारी बसून पूर्ण फोन ऐकला, त्यानंतर ती स्वतःच टीव्ही बंद करते.

आता बोसोत्रोसबद्दल माझं मत थोडं सरकलं आहे, तेही सांगायला हवं. अर्जेंटिनाच्या एका ग्राहकाकडची मुलगी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवते. पहिले काही निरोप ऐकून मला घाम फुटला. 'यो' म्हणजे 'मी', त्याचा उच्चार 'शो', आणि क्रियापदं पुस्तकात कुठेच न दिसलेली. तिकडे 'तू' म्हणत नाहीत, 'बोस' म्हणतात, आणि त्याची रूपं वेगळी. सरांना विचारलं. ते म्हणाले, बोसोत्रोसची ओळ आठव आणि त्यातला 'इ' काढून टाक. आब्लाइसचं आब्लास, तेनेइसचं तेनेस, सोइसचं सोस. इतिहासात ही रूपं एकाच मुळातून आली आहेत. ज्या ओळीला मी वर्षभर नावं ठेवली त्या ओळीने मला अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेतल्या बऱ्याच भागाचं वर्तमानकाळातलं बोलणं उघडून दिलं. आज्ञार्थ वेगळा शिकावा लागला, पण तोही अवघड नाही. तेव्हा ओळ शिका. माझी तक्रार आता एवढीच की हा संबंध पुस्तक सांगत नाही, आणि ती न वापरणाऱ्याचे गुण कापले जातात. ही तक्रार मी मागे घेणार नाही.

याच 'बोस'मुळे मला अजून एक गोष्ट मिळाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. सरांनी सांगितलं की अर्जेंटिनात शाळांनी कित्येक वर्षं हे बोलणं अशुद्ध ठरवलं होतं. मुलं घरी 'बोस' बोलायची आणि वर्गात 'तू' लिहायची. शेवटी 1982 मध्ये तिथल्या साहित्य अकादमीने ते प्रमाण म्हणून मान्य केलं. हे ऐकून मी गप्प झाले. मी अहिराणी बोलणाऱ्या घरातली. जळगावला होस्टेलवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात 'माले-तुले' ऐकून मुली हसल्या होत्या आणि मी ते तोंडातून काढून टाकलं होतं. आजीचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. स्पॅनिशमध्ये बोगोता, हवाना, माद्रिद, ब्वेनोस आइरेस या प्रत्येक शहराचं बोलणं वेगळं आणि प्रत्येकाला त्याचा अभिमान, हे रोज कानावर पडत राहिलं. आता मी आजीशी खोलीतच बोलते, सगळ्यांसमोर, अहिराणीत. एका रूममेटने तर आजीकडून फोनवरच खापरावरच्या पुरणपोळीची रीत विचारून घेतली. कोर्सच्या कोणत्या घटकात हे नव्हतं, पण माझ्यासाठी अडीच हजार रुपयांपेक्षा याची किंमत फार मोठी आहे.

पैशाचं खरंखरं सांगते. कारखान्यात मला महिना आठ हजार मिळायचे, स्पॅनिशचं काम अंगावर घेतल्यावर बारा झाले. क्लासच्या जाहिरातीत लाखांचे आकडे असतात, ते ए1 वर मिळत नाहीत. पुणे-हैदराबादच्या कंपन्यांच्या ज्या जाहिराती मी पाहिल्या त्यांत बहुतेकांना बी2 हवं असतं. तिथपर्यंत जायचं असेल तर कॉलेजच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. आमच्या सर्टिफिकेटवर तर पातळीच लिहिलेली नाही, नुसतं 'उत्तीर्ण'. देलेच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, सिएले या स्पॅनिशच्या दुसऱ्या परीक्षेचं पाच वर्षं चालतं. माझ्या हिशेबाने एकदाच पैसे घालायचे तर देले. तिथे वाचन-लेखन मिळून 50 पैकी 30 आणि श्रवण-संभाषण मिळून 50 पैकी 30, दोन्ही गट वेगवेगळे काढावे लागतात. म्हणजे व्याकरणात हुशार आणि ऐकण्यात कच्चा असा विद्यार्थी तिथे अडकतो. आपल्याकडची बरीच मुलं नेमकी तशीच असतात, म्हणून पहिल्या दिवसापासून ऐका.

प्रवेश घेताना कॉलेजला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या: मुलं कमी झाली तर बॅच चालू राहणार का, नाही तर फी परत मिळणार का, आणि सर्टिफिकेटवर पातळी छापणार का. पुस्तकाची भारतीय आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या, बाहेरची फार महाग पडते.

आम्ही चौघींनी मिळून त्याच सरांकडे ए2 ऑनलाइन सुरू केलं आहे. चौघींत वाटल्यावर महिन्याची फी कॉलेजपेक्षा कमी येते. अजून दोघींची जागा आहे. धुळे, शिरपूर, नंदुरबार, अमळनेर, कुठलीही चालेल, वर्ग रात्री नसून सकाळी सहाला असतो. ज्यांचं ए1 झालंय त्यांनीच कळवा, आणि आधी एक आवाजी निरोप स्पॅनिशमध्ये पाठवा, म्हणजे पातळीचा अंदाज येईल.