पहाटेचा फोन की ओपीडीची रांग?

लेक दीड वर्षाची. तिनं दूध सांडलं आणि माझा हात वर गेला, थेट आमच्या अण्णांचा जायचा तसा. मारलं नाही, पण झोप उडाली.

पहाटे तीनला टेली-मानसला फोन लावला, 14416. ऑक्टोबर 2022 पासूनची मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास, मराठीतही. चाळीत एकांत कुठला! गॅलरीत उभी राहून कुजबुजले. पलीकडच्या बाईंनी आधी श्वास मोजायला लावला. ती रात्र निभावली. लहानपणाची गाठ मात्र एका फोनात सुटत नाही.

रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचं सगळं उलटं. लोकलची गर्दी, कडेवर पोर, केस पेपरची रांग, वर अर्ध्या दिवसाचा खाडा. (सासूबाईंना ‘दातांची ट्रीटमेंट’ सांगितलंय.) तरी निवडायचं झालं तर मी हीच रांग निवडेन. अजून अंगावर पाजते, हे ऐकून डॉक्टरांनी त्याला चालणारी गोळी दिली. समुपदेशक दर पंधरवड्याला त्याच, त्यामुळे अण्णांचं पुराण पुन्हा पहिल्यापासून लावावं लागत नाही. एकदा त्यांनी विचारलं, “हात उठण्याआधी अंगात काय होतं?”

जबडा आवळतो. हल्ली तो आवळला की लेकीला पाळण्यात ठेवते आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारते.