बाटली, जार की नळ : पिण्याचे पाणी निवडताना

दुकानात जाऊन ‘एक बिसलेरी द्या’ म्हटले की जी बाटली हातात पडते, तिला आपण सर्रास मिनरल वॉटर म्हणतो. मुंबईत 1965 मध्ये आलेले आणि 1969 मध्ये पार्लेने विकत घेतलेले हे इटालियन नाव आता पाण्याच्या कोणत्याही बाटलीला लागते. लेबल वाचले तर मात्र बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे छापलेले आढळते आणि ‘नॅचरल मिनरल वॉटर’ हे शब्द थोड्याच, महागड्या बाटल्यांवर असतात. हा भेद कायद्यातही आहे. पहिल्या प्रकारासाठी आयएस 14543 हे भारतीय मानक आहे आणि दुसऱ्यासाठी आयएस 13428.

पॅकबंद पिण्याचे पाणी कोणत्याही स्रोताचे असू शकते, म्हणजे कूपनलिकेचे, नदीचे किंवा नगरपालिकेच्या नळाचेही. ते वाळूच्या आणि कोळशाच्या गाळणीतून काढतात, बहुधा क्षार अडवणाऱ्या आरओ पडद्यातून नेतात, आवश्यक तेवढी खनिजे पुन्हा मिसळतात आणि अतिनील किरण किंवा ओझोन वापरून निर्जंतुक करतात. नैसर्गिक खनिज पाण्याचे तसे नाही. ते ठरावीक झऱ्याचे किंवा भूगर्भातील साठ्याचे असावे लागते, स्रोताजवळच भरावे लागते आणि त्याची मूळ खनिज रचना बदलेल अशी प्रक्रिया त्यावर करता येत नाही. हिमाचल प्रदेशातून येणारे ‘हिमालयन’ हे त्याचे परिचित उदाहरण. पहिल्या प्रकारात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाहीत. दुसऱ्यात ते 150 ते 700 असू शकतात. चवीतला फरक येतो तो यामुळेच. सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र महाग पाणी अधिक निर्धोक असे मानण्यास आधार नाही, कारण ई-कोलायसारखे जंतू दोन्ही प्रकारांत मुळीच असता कामा नयेत. आहारातून मिळणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत एका बाटलीतून मिळणारी खनिजेही थोडीच असतात, त्यामुळे केवळ आरोग्यासाठी तिप्पट-चौपट दर मोजणे मला पटत नाही. अल्कलाइन (अल्कधर्मी) आणि ‘ब्लॅक वॉटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काळ्या पाण्याचे आरोग्यविषयक दावे तर याहूनही कमकुवत आहेत. जठरातील आम्लापुढे त्या पाण्याचा अल्कधर्मीपणा टिकत नाही.

खरा धोका या दोन बाटल्यांच्या बाहेर, वीस लिटरच्या जारमध्ये आहे. जारचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक कारखान्यात सील केलेला, लेबल, परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असलेला. दुसरा लग्नकार्यात, दुकानांत आणि कार्यालयांत रोज सकाळी टेम्पोतून येणारा थंड पाण्याचा जार, ज्यावर ना सील असते ना लेबल. असे पाणी पॅकबंद या व्याख्येतच बसत नाही आणि म्हणून बाटलीला लागू असलेली तपासणीची साखळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पाणी थंड आणि नितळ असले की ते शुद्ध वाटते, परंतु थंडीने जंतू मरत नाहीत, आणि आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नसल्यामुळे न धुतलेल्या जारमध्ये किंवा उघड्या टाकीत शिरलेल्या जंतूंना अटकाव करणारे त्यात काहीच नसते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने तेथील खासगी आरओ प्रकल्पांचे पाणी तपासले आणि पिण्यास अयोग्य ठरलेले प्रकल्प बंद केले. ज्या घरांत ‘फिल्टरचे पाणी’ म्हणून विश्वासाने हे जार घेतले जात होते, त्यांचा विचार मनातून जात नाही. सील नसलेला जार घेऊ नये, एवढे मी निःसंकोच सांगेन.

सीलबंद बाटलीही डोळे झाकून घेण्याची वस्तू नाही. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 2003 मध्ये नामांकित कंपन्यांच्या पाण्यातही कीटकनाशकांचे अंश असल्याचे दाखवले, त्यानंतर मानके कडक झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये बाटलीबंद पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) प्रमाणपत्राची सक्ती काढण्यात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) हे पाणी अधिक जोखमीच्या अन्नपदार्थांत घातले. म्हणून लेबलवर प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक पाहावा. बीआयएसचे आयएसआय चिन्ह असल्यास त्याचा सीएमएल, म्हणजे परवाना, क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. नामसाधर्म्याच्या बाटल्या, म्हणजे परिचित नावातले एखादे अक्षर बदललेल्या, एसटी स्थानकांवर आणि यात्रांत हमखास दिसतात. बुचाची कडी तुटलेली असेल, तर बाटली परत करावी.

प्लास्टिकचा प्रश्न वेगळा आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे 2 लाख 40 हजार प्लास्टिककण सापडले, त्यांपैकी बहुतांश अतिसूक्ष्म. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, यावर संशोधन सुरू आहे. तोवर बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि तीच महिनोन्‌महिने पुन्हा भरू नये, कारण उष्णतेने बाटलीच्या पेट प्लास्टिकमधील अँटिमनीसारखे घटक पाण्यात अधिक उतरतात.

मग रोजच्या घरासाठी काय? धरणाचे, क्लोरीनयुक्त पाणी नळाला येत असेल, तर ते गाळून आणि खळाळून उकळून पिणे हा बाटलीपेक्षा स्वस्त पर्याय आहे. अशा पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, त्यामुळे त्यासाठी आरओ यंत्र बसवून बरेच पाणी मोरीत सोडण्याचे कारण नाही. कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर मात्र उकळून उपयोग होत नाही. तेथे आरओ किंवा सीलबंद जार घ्यावा. प्रवासात साधी सीलबंद बाटली पुरेशी आहे, आणि रेल्वेत अंबरनाथसारख्या रेल्वेच्या स्वतःच्या प्रकल्पात भरलेले ‘रेल नीर’ मागून घ्यावे. सप्टेंबर 2025 पासून त्याच्या एक लिटरच्या बाटलीचा दर 14 रुपये आहे. विक्रेता जास्त मागत असेल, तर छापील किंमत दाखवून तेवढेच पैसे द्यावेत.