फॉक्सप्रोमधे डीबीसी की फ्री टेबल?

जुनं मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरचं अ‍ॅप्लिकेशन सांभाळताय आणि टेबलं डीबीसीत (डेटाबेस कंटेनर, टेबलं आणि त्यांचे नियम एकत्र बांधणारी फाईल) घ्यायची की सुटीच (फ्री टेबल) ठेवायची असा घोळ असेल तर आधी फील्डची (कॉलमची) नावं बघा, फ्री टेबलमधे जास्तीत जास्त १० अक्षरं, डीबीसीत १२८.

खरा फरक डेटाच्या सुरक्षेत. डीबीसीत प्रायमरी की, डिफॉल्ट व्हॅल्यू, व्हॅलिडेशन रूल, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) मिळतात, म्हणजे कुणी ब्राउझमधून थेट एंट्री केली तरी नियम लागतोच, फ्री टेबलमधे हे सगळं प्रत्येक फॉर्ममधे कोडने लिहायचं आणि एक जागा राहिली की बिलाशिवायच्या आयटम लाईनी साठत जातात. ट्रान्झॅक्शनही (अनेक बदल एकत्र, सगळे होतात किंवा एकही नाही) ९ व्हर्जनच्या आधी फ्री टेबलला नव्हतं, ९ मधे त्यासाठी मेकट्रान्झॅक्टेबल हे फंक्शन आलं.

हलवाहलवीत मात्र फ्री टेबल सोपं, टेबलची डीबीएफ फाईल उचला (सोबत इंडेक्सची सीडीएक्स, मेमो फील्डची एफपीटी), झालं. डीबीसीतल्या टेबलच्या हेडरमधे डीबीसीचा पत्ता असतो, एकटं टेबल दुसरीकडे नेलं की अडतं. प्रति फाईल २ जीबीची मर्यादा दोन्हीकडे सारखीच.

बिलिंग, स्टॉक, एकाच वेळी अनेक युजर असतील तर डीबीसीच घ्या. तात्पुरतं काम, लुकअप, किंवा जुन्या फॉक्सप्रो २.६ ला फाईल द्यायची असेल तर फ्री टेबल, फक्त २.६ साठी ते COPY TO ... TYPE FOX2X ने जुन्या फॉरमॅटमधे काढा.